समीकरणात आकडे घालण्याआधी

पंचगंगेच्या पुराचं मॉडेल करायला घेतलंस, मनापासून आनंद झाला. पण भावा, सॉफ्टवेअर लगेच उघडू नकोस. आधी मॅनिंगचं समीकरण, म्हणजे पात्रातल्या पाण्याचा वेग काढायचं सूत्र, वहीत लिही, प्रत्येक राशीचं एकक तपास. मग त्यातला 'एन' बघ, खडबडीतपणाचा गुणांक. मोकळ्या, स्वच्छ पात्राला साधारण ०.०३ चालतो, पाणी काठच्या उभ्या उसात शिरलं की तो बराच वाढतो, वेग मंदावतो, पातळी चढते. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. मधल्या चार फुटांत लोकांना घरं सोडायची असतात! तिथं 'एन' अंदाजपंचे टाकायचा नाही. २०१९च्या पुरावर तो बसव, म्हणजे मॉडेलची पातळी खऱ्या पातळीशी जुळेल असा 'एन' निवड, आणि तोच २०२१च्या पुरावर पडताळ. पुढं गुळाच्या दराचं मॉडेल करशील, तेव्हाही एका हंगामाचे आकडे असेच पडताळणीसाठी बाजूला राखून ठेव.