सपोर्टमधून सोल्यूशन्स इंजिनिअर व्हायचं तर तयारी कशी करावी?

सॉफ्टवेअर सपोर्टमध्ये ३ वर्षं झालीत, आता सोल्यूशन्स इंजिनिअर (विक्रीच्या वेळी ग्राहकाला प्रॉडक्टची तांत्रिक बाजू समजावून दाखवणारा) व्हायचंय, तर कोडिंग किती लागेल आणि सुरुवात कुठून करू, असं तुम्ही विचारलंय.

कोडिंग बेताचंच लागतं. पोस्टमन या टूलमधून एपीआय कॉल (एका सॉफ्टवेअरनं दुसऱ्याकडे माहिती मागणं) करता यावा, उत्तर ज्या जेसन स्वरूपात येतं ते वाचता यावं, डेटाबेसमधून माहिती काढणारी साधी एसक्यूएल क्वेरी जमावी. कॉल फसला की एरर कोड येतो: ४०१ म्हणजे ओळखच पटली नाही, अनेकदा टोकन (लॉगिनची तात्पुरती किल्ली) संपलेलं असतं. ४०३ म्हणजे ओळख पटली पण परवानगी नाही. ग्राहकाच्या आयटीवाल्यांपुढे हे न अडखळता सांगता आलं पाहिजे. सिंगल साइन-ऑनचंही (एकाच लॉगिननं अनेक ॲप्स उघडणं) तसंच.

सपोर्टमधली माणसं यात सहसा अडत नाहीत. अडतात ती प्रश्न विचारण्यात, कारण हात लगेच उत्तर द्यायला सरावलेला असतो. ग्राहकानं “रिपोर्ट एक्सेलमध्ये निघतो का?” विचारलं की नुसतं “हो” म्हणून थांबू नका. तो रिपोर्ट कोण बघतं, बघून काय ठरवतं, आज तो कसा तयार होतो, हे विचारा. पुष्कळदा कळतं की दर सोमवारी कुणीतरी तीन फाइली हातानं जोडत बसतंय. डेमो त्या सोमवारवर बांधायचा.

सराव घरी होतो. सेल्सफोर्स या ग्राहकांच्या नोंदी ठेवायच्या सॉफ्टवेअरचं डेव्हलपर एडिशन फुकट मिळतं. समजा, नाशिकचा एक पंपविक्रेता आहे, १२ मेकॅनिक, तक्रारी व्हॉट्सॲपवर येतात. त्याच्यासाठी १५ मिनिटांचा डेमो तयार करा. ‘टेस्ट १२३’ नावाचे ग्राहक नकोत. सिन्नर, ओझर, निफाडच्या तक्रारी भरा. पहिल्या दोन मिनिटांतच मालकाला शेवटचा स्क्रीन दाखवा: आज किती तक्रारी उघड्या आहेत, कोणती ४८ तासांवर गेलीय. ती नोंदली कशी, ते नंतर. लॉगिनपासून एकेक मेनू उघडत गेलात तर मालक पाचव्या मिनिटाला फोन बघायला लागतो. मुलाखतीतही बहुधा असाच डेमो करायला लावतात.

पीओसीला (प्रॉडक्ट ग्राहकाच्या कामाला चालतं का, ते छोट्या प्रमाणात करून दाखवणं) होकार देण्याआधी तीन ते पाच मोजता येतील असे निकष, तपासणाऱ्याचं नाव आणि शेवटची तारीख मेलवर लिहून घ्या. नाहीतर “अजून हेही बघू” करत दोन आठवड्यांचं काम दोन महिने चालतं.

ऑफर आली की व्हेरिएबल पगार (कमी-जास्त होणारा भाग) तुमच्या, टीमच्या की कंपनीच्या विक्रीवर ठरतो, ते विचारा.

सुरुवात मात्र आहात त्याच कंपनीत करा. सेल्सवाल्यांना सांगा, पुढच्या आरएफपीतले (खरेदीआधी ग्राहक कंपन्यांना पाठवतो ती प्रश्नावली) तांत्रिक प्रश्न मी भरतो. प्रॉडक्टमध्ये जे नाही त्यापुढे ‘हो’ लिहू नका. ती उत्तरं अनेकदा कराराला जोडली जातात, आणि मग इम्प्लिमेंटेशनवाल्यांच्या गळ्यात पडतात.