क्यूआरवरची खाडाखोड आणि ज्याची-त्याची दुरुस्ती

माझी चहाची टपरी आहे. काउंटरवरच्या क्यूआर कोडवर नातवाने काळ्या पेनाने सात-आठ चौकोन रंगवून ठेवलेत. स्कॅन अजून होतो. पण पैसे भलत्याच्याच खात्यात गेले तर? (एक वाचक, सांगली)

नाही जाणार. नातवाला ओरडला असाल तर एक बिस्कीट देऊन मिटवून टाका.

क्यूआर कोड जन्मला कारखान्यात. १९९४ साली जपानच्या डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो मोटारींच्या सुट्या भागांचा हिशेब ठेवायला बनवला. तिथे लेबलाला तेल-ग्रीस लागणार हे गृहीतच होतं, त्यामुळे डागाळला तरी वाचता यावा अशी तजवीज पहिल्यापासून आहे. त्यामागचं गणित आणखी जुनं, रीड आणि सॉलोमन या दोन गणितज्ञांचं, १९६० सालचं.

तुमचा कोड साधारण ३३ बाय ३३ घरांचा असेल. बुद्धिबळाच्या पटासारखी घरं मोजून बघा. अशा कोडात १०० बाइट मावतात आणि एक बाइट म्हणजे आठ घरं. दुरुस्तीची पातळी मध्यम, म्हणजे ‘एम’ असेल तर हे शंभर बाइट पन्नास-पन्नासच्या दोन गटांत वाटलेले असतात. प्रत्येक गटात ३२ बाइट मजकुराचे आणि १८ नुसते पडताळणीचे. या अठरांच्या जोरावर स्कॅनर त्या गटातले नऊ बाइट बिघडले तरी मूळ मजकूर परत उभा करतो. नातवाची आठ घरं आठ वेगवेगळ्या बाइटांत आणि सगळी एकाच गटात पडली, तरी आठच होतात.

त्याने उद्या आणखी वीस घरं रंगवली तर कोड बहुधा बंद पडेल. पण अशा गिरगोट्यातून चुकून दुसराच मजकूर जुळून यायची शक्यता साधारण दोन लाख कोटींत एखादी. त्यातही तो मजकूर म्हणजे कुणाचा तरी खरा यूपीआय पत्ता निघायला हवा. तेवढं नशीब असेल तर माणूस लॉटरी काढेल.

वरच्या पातळीचं एरर करेक्शन (चुकांची दुरुस्ती) ठेवलं, म्हणजे ‘एच’, तर कोडमध्ये कुणालाच फेरफार करता येणार नाही, बरोबर? (अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, पुणे)

अर्धं बरोबर. उरलेल्या अर्ध्यात खरी गंमत आहे.

वरचाच कोड घेऊ. मजकुरातला एक बाइट बदलला की त्या गटातले पडताळणीचे अठराही बाइट बदलतात. म्हणजे तुझा अस्सल गट आणि चोराला हवा असलेला गट यांत एकोणीस बाइटांचं अंतर. आता चोर पेन घेऊन बसला. त्याने नऊ बाइट बदलले तर स्कॅनर म्हणतो, नऊ चुका दिसतात, दुरुस्त करतो, आणि तुझाच मजकूर वाचतो. चोराने दहावा बाइट बदलला की काटा फिरतो. आता तो कोड चोराच्या मजकुरापासून नऊच चुका दूर असतो. स्कॅनर त्या नऊही इमानेइतबारे दुरुस्त करतो आणि चोराचा पत्ता वाचून दाखवतो. एकोणीसपैकी दहाचं काम चोराने केलं, उरलेलं तुझ्या एरर करेक्शनने.

दुरुस्तीला हेतू कळत नाही. सगळ्यांत जवळचा शुद्ध मजकूर शोधायचा एवढंच तिला येतं; तो कुणाचा आहे हे विचारणं तिच्या कामात बसत नाही.

‘एच’ पातळी घेतलीस तर तोच साठेक अक्षरांचा मजकूर ३३ बाय ३३ मध्ये मावत नाही, ४५ बाय ४५ चा कोड लागतो. तिथे प्रत्येक गटात पडताळणीचे २६ बाइट, म्हणून चोराला दहाऐवजी किमान चौदा बदलावे लागतील. भिंत चार विटांनी उंच झाली, इतकंच. शिवाय तेवढ्याच स्टिकरवर घरं बारीक झाली आणि जुन्या फोनचे कॅमेरे कुरकुरायला लागले.

चोराला अडवतं ते भलतंच काहीतरी. काळ्या पेनाने पांढऱ्याचं काळं करता येतं, काळ्याचं पांढरं नाही. एखादा बाइट नुसत्या काळ्या शाईने हवा तसा होण्यासाठी त्यातलं प्रत्येक घर एकतर जसंच्या तसं राहायला हवं, नाहीतर पांढऱ्याचं काळं व्हायला हवं. हे दहा बाइटांत एखाद्याचंच जमतं, आणि चोराला एकोणीसपैकी दहा जमवायचे असतात. सोयीचा पत्ता निवडून किंवा व्हाइटनर घेऊन बसलं तर जमेलही. पण भर रस्त्यात, टपरीवाल्यासमोर, कोण बसणार? फेरफार पकडायचाच असेल तर डिजिटल सही हवी. आधारच्या क्यूआरमध्ये ती असते, यूपीआयच्या क्यूआरमध्येही घालायची सोय आहे. एरर करेक्शनकडून चौकीदारीची अपेक्षा ठेवू नकोस.

‘एच’ पातळीत ३० टक्के खराब झालं तरी चालतं म्हणे. माझ्या कोडचा फक्त कोपरा फाटलाय, तरी वाचत नाही. (किराणा दुकानदार, लातूर)

कारण फाटला तो कोपरा डोळ्याचा आहे. तीन कोपऱ्यांतले मोठे चौकोन कॅमेऱ्याला कोड कुठे आहे, कसा फिरलाय ते सांगतात. त्यांना दुरुस्तीचं कवच नाही, ते तीस टक्के फक्त बाइटांपुरते. नवा छापून घ्या. आणि मध्यभागी दुकानाचा भलामोठा लोगो टाकायचा मोह आवरा. लोगोने झाकलेला प्रत्येक बाइट म्हणजे चूकच. ती शिल्लक तुम्ही पहिल्याच दिवशी खर्च करता, मग पावसाळ्यात पुरत नाही.

आमच्या बाजारात कुणीतरी क्यूआरवर दुसरे स्टिकर चिकटवून गेलं. ॲप ते ओळखत कसं नाही? (भाजीविक्रेत्या, नाशिक)

ताई, ॲपच्या दृष्टीने त्यात ओळखण्यासारखं काही नसतंच. चोराने चिकटवलेला कोड खोटा नसतो. तो त्याच्या खात्याचा अस्सल कोड असतो, फक्त तुमच्या गाड्यावर असतो. एरर करेक्शन, सही, कशालाच त्यात खोट सापडणार नाही. जानेवारी २०२५ मध्ये खजुराहोत दुकानांचे आणि पेट्रोल पंपाचे कोड असेच बदलले गेले. अमेरिकेत ऑस्टिनमध्ये २०२२ च्या सुरुवातीला पार्किंगच्या २९ यंत्रांवर बनावट कोड सापडले. तिथली यंत्रं तर क्यूआरने पैसे घेतच नव्हती.

उपाय साधेच आहेत. सकाळी गाडा लावला की आधी आपल्याच फोनने आपला कोड स्कॅन करा आणि नाव वाचा. कडेवरून नख फिरवा, दुसरा थर लगेच लागतो. कोड काचेच्या आत किंवा हाताशी ठेवा. साउंडबॉक्स बोलला नाही तर गिऱ्हाइकाच्या फोनवरच्या हिरव्या खुणेवर विसंबू नका.

गिऱ्हाइकांनीही नाव वाचावं. कोडमध्ये काहीही नाव लिहिता येतं, पण २०२५ च्या मध्यापासून, यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयच्या नियमाप्रमाणे ॲपने बँकेत नोंदलेलं नाव दाखवायचं असतं. नाव वेगळं दिसलं म्हणजे चोरीच असं मात्र नाही. आमच्या गल्लीतल्या इस्त्रीवाल्याच्या कोडवर एका बाईंचं नाव आलं, मी हटकलं, तर ती त्याची सून निघाली. तो हसला आणि मीच ओशाळले. तरी पुढच्या वेळीही विचारीन.

जुना सोफा विकायला काढलाय. घेणारा म्हणतो, ‘क्यूआर पाठवतो, स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील.’ (एक वाचक, ठाणे)

पैसे घ्यायला पिन लागत नाही, स्कॅनही लागत नाही. त्याला ब्लॉक करा. पिन टाकून बसला असाल तर आत्ता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, सोफ्याचं नंतर बघू.