आधी पाण्याची खोली ठरव, मग तोफा

भावा, किनाऱ्याचं रक्षण करणाऱ्या युद्धनौकेचा तुझा आराखडा काल रात्री निवांत बघितला. रेषा झकास आहेत, पण ४,००० टनांत ३०५ मिलिमीटरच्या सहा तोफा बसायच्या नाहीत. आधी जहाज किती उथळ पाण्यात फिरणार ते ठरव. स्वीडनचं १९१५ साली पाण्यात उतरवलेलं 'स्वेरिये' बघ: सुमारे ७,००० टन, २८३ मिलिमीटरच्या चारच तोफा, त्याही दोन बुरुजांत, म्हणजे तोफा बसवलेल्या फिरत्या चिलखती खोक्यांत. किनारा सोडून लांब जायचं नाही, म्हणून कोळसा कमी आणि चिलखत जाड. तू कोळसा क्रूझरइतका, म्हणजे लांब पल्ल्याच्या युद्धनौकेइतका भरलायस, तो निम्मा कर. आणि तोफेच्या वजनात बुरूज, त्याचं चिलखत, दारूगोळा सगळं धर. नवखे नेमके इथंच फसतात. वजनांचा तक्ता सुधारलास की उद्यमनगरात ये, बेरीज मिळून तपासू.