शाळा म्हणते मुलाला शिष्यवृत्तीला बसवू नका. तीन महिन्यांत घरी तयारी कशी करून घेऊ?

ताई, तुम्ही विचारलंय तयारीचं. मार्गदर्शक कोणतं आणू, क्लास लावू का, रोज किती पेपर सोडवून घेऊ. पण माझे डोळे तुमच्या पहिल्याच ओळीवर अडकले: "मुलगा पाचवीत आहे, बाई म्हणाल्या त्याला झेपणार नाही, फॉर्म भरू नका." 31 वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवून मी निवृत्त झाले. हे वाक्य मला नवीन नाही.

मार्गदर्शक नंतर आणा. आधी उद्या शाळेत जा आणि फॉर्म भरायला लावा. या परीक्षेचं आवेदनपत्र पालकाला घरून भरता येत नाही, ते शाळेच्या लॉगिनमधूनच जातं. शाळेने नाव गाळलं की विषय संपला, मग तुम्ही घरी शंभर पेपर सोडवून घ्या. नियमित मुदत गेली असेल तर विलंब शुल्काची मुदत विचारा. तोंडी सांगू नका. अर्ज लिहून द्या आणि पोच घ्या.

शाळा असं का करतात, तर टक्केवारीसाठी. 20 मुलं बसवली आणि 8 पात्र झाली की निकाल 40 टक्के. निवडून 5 बसवली आणि पाचही पात्र झाली की फलकावर "शंभर टक्के निकाल". पहिल्या शाळेत 8 मुलं पात्र आहेत, दुसरीत 5, हे कोणी मोजत नाही.

2017-18 साली मी कराड भागातल्या एका ऊसपट्ट्यातल्या शाळेत पाचवीला होते. वर्गात 14 मुलं. जुलैपासून सकाळी नऊला जादा तास घ्यायचे, सगळ्यांचा. त्यात एक मुलगी होती. आई भांगलणीला जायची, वडील असून नसल्यासारखे. वाचन सावकाश, ओळीखाली बोट धरून. भागाकारात हातचे चुकायचे. पण बुद्धिमत्ता चाचणीचा घटक काढला की ती मुलगी वेगळीच व्हायची. एकदा मी फळ्यावर गणित घातलं: रांगेत एक बाई डावीकडून सातवी आणि उजवीकडून नववी, तर रांगेत एकूण किती जणी? सगळा वर्ग ओरडला, सोळा. ही म्हणाली, "पंधरा. त्या बाईला तुम्ही दोनदा मोजलं." कसं कळलं विचारलं तर म्हणाली, नळावर घागरी मोजताना अशीच भांडणं होतात. आरशातली आणि पाण्यातली प्रतिमा यांत पोरं दर वर्षी गोंधळतात. हिने एकदाही चूक केली नाही, कारण ती दारात रोज रांगोळी काढायची आणि अर्धी रांगोळी बघून उरलेली अर्धी तिला आपोआप दिसायची.

नोव्हेंबरात फॉर्म भरायची वेळ आली तेव्हा मुख्याध्यापकांनी कार्यालयात बसून पाच नावं काढली. हिचं नव्हतं. मी दोन दिवस भांडले. "बाई, भावनेवर शाळा चालत नाही, निकाल वर पाठवावा लागतो," असं उत्तर मिळालं. तिसऱ्या दिवशी मी गप्प बसले. जादा तास मात्र सगळ्या चौदा जणांचे चालू ठेवले, कारण नऊ पोरांना उठून बाहेर जा म्हणायला माझी जीभ रेटली नाही. प्रवेशपत्रं आली ती मी पाच घरांत नेऊन दिली. बाकीच्यांना काही सांगितलं नाही.

फेब्रुवारीतल्या त्या रविवारी केंद्रावर जायला शाळेच्या फाटकाशी जीप उभी होती. ही आली. धुतलेला गणवेश, लाल रिबिनी, हातात कंपास आणि दोन काळे बॉलपेन. "बाई, माझं प्रवेशपत्र?" मी काय बोलले ते मला आठवत नाही. जीपमध्ये बसले एवढं आठवतं.

सोमवारी मी त्या नऊ जणांना तेच दोन पेपर घड्याळ लावून दिले, उत्तरपत्रिकेच्या झेरॉक्ससकट. हिला बुद्धिमत्तेच्या 50 प्रश्नांपैकी 41 बरोबर. बसवलेल्या पाचांतल्या सगळ्यात हुशार मुलाचे उत्तरसूचीवरून 38 होते. पहिल्या पेपरात तिला 150 पैकी 64 गुण मिळाले. प्रत्येक पेपरात 40 टक्के, म्हणजे 60 गुण, लागतात पात्र व्हायला. दुसऱ्या पेपरात तर एका बुद्धिमत्तेचेच, प्रश्नाला दोन धरून, 82 झाले होते. म्हणजे मुलगी दोन्ही पेपरांत पात्र होती. मी ते कागद घेऊन कार्यालयात गेले. "घरच्या पेपराला काय अर्थ आहे, बाई?" एवढंच.

पाचवीला दुसरी संधी नसते. पुढच्या वर्षी मी हट्टाने सगळा वर्ग बसवला. 17 पैकी 7 पात्र झाले, निकाल 41 टक्के, आणि शिक्षकांच्या बैठकीत तो आकडा माझं नाव घेऊन वाचून दाखवला गेला. आदल्या वर्षीपेक्षा पात्र मुलं जास्त होती, हे कोणी वाचलं नाही. पुन्हा वेळ आली तरी मी तेच करीन.

आता ही परीक्षा परत चौथीला आणि सातवीला न्यायचं ठरलंय. तुमचा मुलगा पाचवीच्या शेवटच्या, म्हणजे 2025-26 च्या तुकडीतला. नऊ वर्षांच्या पोरांच्या बाबतीत "झेपणार नाही" हे आणखी सहज म्हटलं जाईल अशी मला भीती आहे.

तयारीचं सांगते. दीड तासात 75 प्रश्न, असे दोन पेपर. पहिल्यात मराठी आणि गणित, दुसऱ्यात इंग्रजी आणि बुद्धिमत्ता. भाषेला 25 प्रश्न, गणिताला आणि बुद्धिमत्तेला 50-50. एकूण 300 गुणांतले 200 गणित-बुद्धिमत्तेचे आहेत, तेव्हा वेळ तिकडे द्या. चुकीला गुण कापत नाहीत, म्हणून एकही गोल रिकामा सोडायचा नाही हे मुलाच्या अंगवळणी पाडा. गोल पेनने रंगवायचा असतो, खोडता येत नाही. एक प्रश्न सोडला आणि पुढचं उत्तर त्याच्या गोलात गेलं की खालची सगळी ओळ घसरते. हुशार मुलं इथे मार खातात. दर दहा प्रश्नांनी क्रमांक जुळवून बघायची सवय लावा. डिसेंबरपर्यंत घटक घटक करून घ्या, पेपर नको. जानेवारीत आठवड्याला दोन पेपर, रोज नाही. पेपर सोडवण्यापेक्षा चुकलेले प्रश्न दुसऱ्या दिवशी पुन्हा सोडवण्यात फायदा आहे. मार्गदर्शक एकच, कोणतंही. परीक्षा परिषदेच्या जुन्या प्रश्नपत्रिका मिळवा, त्या कुठल्याही मार्गदर्शकापेक्षा चांगल्या.

क्लास लावू नका. उताऱ्यात आणि शाब्दिक गणितात मूल अडतं ते वाचन हळू असल्यामुळे. रोज वीस मिनिटं तुमच्याशेजारी बसून त्याने मोठ्याने वाचलं तर तीन महिन्यांत फरक दिसतो. माझ्या त्या मुलीला एवढं मिळालं असतं तर तिचे 64 चे 90 झाले असते, हे मी आजही कोणाशीही पैजेवर सांगेन. (तुम्हाला कामामुळे घरी वेळच मिळत नसेल, किंवा इंग्रजीत तुम्ही स्वतः अडत असाल, तर कुणाची तरी मदत घ्या, तिथे माझा हट्ट नाही.)

बाईंना सरसकट वाईट ठरवू नका, हेही सांगायला हवं. मुलाला खरंच बेरीज-वजाबाकीच येत नसेल तर त्या काळजीपोटी बोलल्या असतील. त्यांना विचारा, नेमकं काय येत नाही. आणि तो स्वतःच घाबरत असेल, रात्री दचकून उठत असेल, तर थांबा. शिष्यवृत्ती मिळाली तर वर्षाला 5000 रुपये, तीन वर्षं. त्यासाठी पोराची झोप घालवायची नाही.

फॉर्म भरला गेला की नाही, हे मुलाला तुम्ही स्वतः समोर बसवून सांगा. काहीही झालेलं असो, आजच सांगा. परीक्षेच्या सकाळी फाटकापाशी त्याला ते कळायला नको.