गोळी घालायची की जेवू घालायचं?

प्रश्न : मुलगा अमेरिकेच्या सिव्हिल वॉरवर (1861 ते 1865 चं उत्तर-दक्षिण यादवी युद्ध) प्रोजेक्ट करतोय. त्यात असं आलंय की बंड केलेल्या सैनिकांना शिक्षा न करता पुढच्याच लढाईत उतरवलं. सैन्यात बंडाला गोळीच असते ना? मग हे कसं काय?
– एक वाचक, सातारा

उत्तर : नियमाने गोळीच, तुमचं बरोबर आहे, पण मुलाने वाचलंय तेही खरंय. गोष्ट उत्तरेच्या फौजेतल्या, मेन राज्यातल्या सेकंड मेन या पलटणीची. मे 1863 मध्ये पलटणीची 2 वर्षांची मुदत संपली आणि सगळे घरी निघाले, फक्त साधारण 120 जणांना सांगितलं की तुम्ही थांबा, तुमची सही 3 वर्षांच्या कागदावर आहे. त्यांचा समज असा की पलटण सुटली की आपणही सुटलो. (आता सही करताना कागद वाचतो कोण, बँकेत आपणही फुली मारलेल्या जागी सह्या करत सुटतोच की.) ते चिडले, म्हणाले आम्ही नाही लढणार.

मग त्यांना संगिनींच्या पहाऱ्यात ट्वेंटिएथ मेन पलटणीचा प्रमुख जोशुआ चेंबरलेन याच्याकडे आणून सोडलं, आणि सोबत हुकूम काय, तर ऐकत नसतील तर सरळ गोळ्या घाला. हा चेंबरलेन वर्षभरापूर्वीपर्यंत कॉलेजात प्रोफेसर. त्याने वरच्या जनरलकडून 'मी माझ्या पद्धतीने बघतो' अशी परवानगी काढली, पहारा हटवला आणि आधी त्यांना जेवायला घातलं, कारण 3 दिवस त्यांना कोणी धड खायलाच दिलं नव्हतं! मग त्यांना वेगवेगळ्या कंपन्यांत वाटून टाकलं (हा खरा हुशारीचा भाग, 120 जण एकत्र बसले तर दुसरं काय बोलणार), त्यांची तक्रार ऐकून घेतली आणि राज्याच्या गव्हर्नरला पत्र लिहिलं. सोडून देतो असं मात्र कबूल केलं नाही.

2 जुलैला गेटिसबर्गच्या लढाईत लिटल राउंड टॉप टेकडीवर, फौजेच्या अगदी डाव्या टोकाला, चेंबरलेनची हीच पलटण उभी होती आणि तोवर त्या 120 पैकी मोजके सोडले तर सगळ्यांनी बंदुका उचलल्या होत्या. त्यांच्यातलाच अँड्र्यू टोझिअर त्या दिवशी निशाण धरून जागचा हलला नाही, त्याला 1898 मध्ये मेडल ऑफ ऑनर (तिथलं सगळ्यात मोठं शौर्यपदक) मिळालं.

राष्ट्राध्यक्ष लिंकनही माफीच्या बाबतीत सढळ होता. मार्च 1863 मध्ये त्याने जाहीर केलं की पळून गेलेल्यांनी 1 एप्रिलपर्यंत परत या, गैरहजेरीचा पगार कापू, बाकी शिक्षा नाही. हिशोब सरळ होता, मेलेला सैनिक कोणाच्याच कामाचा नाही, परत आलेला निदान बंदूक तरी धरतो. तरी गोळ्या थांबल्या नाहीत, त्याच वर्षी ऑगस्टच्या शेवटी व्हर्जिनियात 5 पळपुट्यांना एकाच दिवशी उडवलं.

आता मुलाला एक नाव मुद्दाम सांगा, सार्जंट विल्यम वॉकर, थर्ड साऊथ कॅरोलायना ही लिंकनच्याच फौजेतली काळ्या सैनिकांची पलटण. गोऱ्या सैनिकाला महिना 13 डॉलर आणि यांना 10, त्यातूनही 3 कपड्यांचे कापून हातात 7. नोव्हेंबर 1863 मध्ये वॉकर आणि त्याच्या लोकांनी कर्नलच्या तंबूपुढे बंदुका रचून ठेवल्या आणि पुरा पगार नाही तर ड्यूटी नाही म्हणून सांगितलं. म्हणजे तक्रार कराराचीच, मेनवाल्यांची होती तशीच, आणि माझ्या मते त्यांच्यापेक्षा जास्त खरी. पण इथे कोणी जेवायला घातलं नाही. 26 फेब्रुवारी 1864 ला पळून गेल्याबद्दल झालेल्या मृत्युदंडाच्या शिक्षा कैदेत बदलायचा लिंकनचा आदेश निघाला, वॉकरवर आरोप बंडाचा, त्यामुळे तो त्यात बसला नाही, आणि तीनच दिवसांनी त्याला गोळ्या घातल्या.

पगार समान करायचा कायदा काँग्रेसने त्याच वर्षी जूनमध्ये केला.