वीज अचानक गेली तरी लॅपटॉपवरचं काम कसं टिकतं?

खरं श्रेय बॅटरीचं. डेस्कटॉपला वेगळा यूपीएस लागतो, लॅपटॉपच्या तो पोटातच असतो. चार्जरचा पुरवठा तुटला की त्याच क्षणी बॅटरी भार उचलते.

रॅमला, म्हणजे चालू काम तात्पुरतं धरून ठेवणाऱ्या मेमरीला, हा अखंड पुरवठा हवाच असतो. तिच्यातला एकेक बिट म्हणजे इवल्याशा कपॅसिटरमधला विद्युतभार, आणि तो सतत गळत असतो. म्हणून साधारण दर ६४ मिलिसेकंदांत अशा कपॅसिटरांची प्रत्येक ओळ वाचून पुन्हा भरावी लागते. स्लीपमध्ये स्क्रीन बंद होते, पण हे भरणं चालूच राहतं. बॅटरी पूर्ण उतरली की तेही थांबतं आणि सेव्ह न केलेलं सगळं जातं.

त्याआधी हायबरनेट झालं तर वाचतं: विंडोज रॅममधला मजकूर 'हायबरफिल डॉट सिस' या फाइलमध्ये डिस्कवर उतरवून ठेवतं. पॉवर ऑप्शन्समध्ये 'क्रिटिकल बॅटरी अ‍ॅक्शन'ला हायबरनेट निवडलंय का, ते आजच बघा.

बॅटरी मेलेला लॅपटॉप मात्र डेस्कटॉपच समजा. माझ्या बहिणीची प्रबंधाची दोन पानं अशीच गेली. चार्जरची पिन जरा हलली, एवढंच. वर्डचं ऑटोरिकव्हर मुळात दर १० मिनिटांनी प्रत घेतं. तिच्याकडे ते आता २ वर आहे, आणि नवी बॅटरीही बसवली.