काल्पनिक नगराचा कायदा, पण हक्क खरा

प्रश्न : 2018 साली महाविद्यालयात असताना आम्ही तिघा मित्रांनी खेळासाठी एक काल्पनिक नगर रचले. नकाशा आणि इतिहास एका मित्राने केला. सात आसनांची नगरसभा आणि तिचा 94 कलमांचा कायदा मी वहीत लिहिला. त्या मित्राची कादंबरी आता ई-बुक म्हणून विक्रीला आली असून परिशिष्टात माझा कायदा जवळजवळ जसाच्या तसा छापला आहे. तो म्हणतो, "कायद्यावर कुणाचा कॉपीराइट नसतो, आणि वहीचे फोटो तूच ग्रुपवर टाकले होतेस." मला काय करता येईल? (एक वाचक, सातारा)

उत्तर : आपल्या मित्राचे पहिले विधान अर्धवट ऐकलेले आहे. कॉपीराइट कायदा, 1957 च्या कलम 52(1)(क्यू) मध्ये राजपत्रात प्रसिद्ध झालेला मजकूर, तसेच भाष्यासह किंवा अन्य स्वतंत्र मजकुरासह छापलेला विधिमंडळाचा अधिनियम यांना सवलत आहे. ती सवलत खऱ्या विधिमंडळापुरती आहे. आपल्या नगरसभेला कोणत्याही संविधानाने अधिकार दिलेले नसल्यामुळे तिची कलमे कायद्याच्या नजरेत निव्वळ साहित्यकृती ठरतात, आणि कलम 17 नुसार अशा कृतीचा पहिला मालक तिचा लेखक असतो. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. नोंदणी असल्यास पुराव्याला मदत होते, इतकेच.

मात्र हा हक्क कशावर आहे, हे नीट समजून घेतले पाहिजे, कारण आपल्या पत्रात दोन गोष्टी एकत्र झाल्या आहेत. नगरसभेत सात आसने असावीत, सातवे आसन दिवंगतांसाठी रिकामे ठेवावे आणि त्याचे मौन हे विरोधी मत धरावे, ही कल्पना मला स्वतःला फार आवडली. पण कल्पनेवर कॉपीराइट मिळत नाही. आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये हेच सांगितले, आणि नाटक व चित्रपट यांचा विषय मिळताजुळता असूनही नाटककाराचा दावा टिकला नाही. म्हणून कादंबरीच्या कथेत रिकामे आसन येते, यावर आपण भर देऊ नये. याउलट, "दिवेलागणीनंतर पाणवठ्यावर घागर घेऊन येणाऱ्याने आपले नाव मोठ्याने सांगावे, न सांगणाऱ्याची घागर सभेकडे जमा होईल" हे वाक्य ज्या शब्दांत आणि ज्या क्रमाने आपण लिहिले, ते शब्द आपले आहेत. हेच वाक्य परिशिष्टात 'मोठ्याने' हा एक शब्द वगळून आले आहे.

दुसरा पक्ष बहुधा असे म्हणेल की नगर तिघांचे, म्हणून कायदाही तिघांचा. कलम 2(झेड) प्रमाणे संयुक्त कृती तीच, जिच्यात एका लेखकाचे योगदान दुसऱ्यापासून वेगळे काढता येत नाही. येथे कायदा एका हस्ताक्षरात, स्वतंत्र वहीत आहे. नकाशा दुसऱ्याचा आहे, आणि तो स्वतंत्र कलाकृती असल्यामुळे उद्या आपल्याला पुस्तक काढायचे झाले तर त्याच्या परवानगीशिवाय तो आपल्यालाही वापरता येणार नाही. खेळता खेळता तिघांनी मिळून ठरवलेली बाजारकराची अकरा कलमे आपणच कबूल केली आहेत. ती दाव्यातून वगळावीत. उरलेली 83 कलमे पुरेशी आहेत, आणि प्रामाणिकपणे आखलेल्या दाव्यावर न्यायाधीशांचा विश्वास बसतो, असा माझा अनुभव आहे.

आपला सर्वांत चांगला पुरावा मात्र आपण पत्राच्या ताजा कलमात, ओशाळल्यासारखा लिहिला आहे. वहीत कलम 40 नंतर एकदम 42 येते. 41 लिहायचे राहून गेले. छापील परिशिष्टातही 41 नाही. स्वतंत्रपणे कायदा रचणाऱ्याच्या हातून नेमकी तीच चूक होणे कठीण आहे, म्हणून नक्कल सिद्ध करताना अशी चूक दहा साम्यांपेक्षा अधिक उपयोगी पडते.

फोटो ग्रुपवर टाकल्याने मालकी जात नाही. हक्काचे हस्तांतरण लेखी आणि देणाऱ्याच्या सहीने व्हावे लागते (कलम 19), आणि वापराचा परवानाही लेखी लागतो (कलम 30). आपण कधी "वापर रे, काही हरकत नाही" असे लिहून पाठवले होते का, हे मात्र जुन्या संदेशांत शोधा आणि सापडल्यास माझ्यापासून लपवू नका.

पुढची पायरी म्हणजे वकिलामार्फत नोटीस. ती मोघम धमकीवजा नसावी, कारण निराधार धमकीविरुद्ध समोरच्याला कलम 60 खाली दाद मागता येते. कलमनिहाय तुलना जोडावी आणि दोन पर्याय द्यावेत : परिशिष्ट काढून टाकणे, किंवा आपले नाव देऊन विक्रीतला वाटा लेखी ठरवणे. पत्रावरून मला वाटते की आपल्याला पैशापेक्षा नाव हवे आहे. श्रेय मागण्याचा हक्क कलम 57 देते. नोटिशीने भागले नाही तर मनाई हुकूम आणि नुकसानभरपाईसाठी आपण राहता तेथेच, म्हणजे साताऱ्यात, दावा लावता येतो. दाव्याचे मूल्य तीन लाख किंवा अधिक असेल आणि तातडीची मनाई मागायची नसेल, तर आधी मध्यस्थी करावी लागते. भरपाईची मुदत उल्लंघनापासून तीन वर्षे आहे. कलम 63 मध्ये फौजदारी तरतूदही आहे, परंतु मित्रामित्रांच्या या वादात पोलीस ठाण्याची पायरी चढू नये, असेच मी सांगेन. समाजमाध्यमांवर त्याला 'चोर' म्हणणेही टाळा. बदनामीचा उलटा खटला ओढवून घेण्याचे कारण नाही.

आज करण्याचे काम म्हणजे ई-बुकची पावतीसह एक प्रत विकत घेणे आणि 2018 चे ग्रुपवरील फोटो ज्या फोनमध्ये आहेत तो फोन न विकणे. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खालचे प्रमाणपत्र त्यावरूनच करावे लागेल. आणि वही आहे तशी ठेवा. पाने टाचू नका, पुसट शाई गिरवू नका, आणि कितीही मोह झाला तरी आता कलम 41 लिहून ती जागा भरू नका.